दुसऱ्या भागातलं एकोणिसावं प्रकरण

माझ्या धाकट्या भावाने आमच्या आईला स्वर्गाच्या दाराबाहेर ठेवलं. तेही सुवाच्य अक्षरात, निळ्या शाईने, डाव्या बाजूला दोन बोटं समास सोडून. बुधवारी शाळेतून आल्यावर स्टोव्हवर चहा ठेवून मी एकोणिसावं प्रकरण वाचायला घेतलं, आणि चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला तरी मला पत्ता नव्हता.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर लोक म्हणतील पुष्पावतीबाईंचं डोकं फिरलं. माझ्या डोक्याबद्दल लोकांचं तसंही काही बरं मत नाही. नगरला मिशनच्या मुलींच्या शाळेत मी एकवीस वर्षं मराठी शिकवते, लग्न केलं नाही, आणि सभेत पुरुष बोलत असले तरी मधे बोलते. सावेडीला दोन खोल्या घेऊन राहते. गेल्या साली पाऊस झालाच नाही, पाथर्डीकडच्या आमच्या गावातली विहीर दिवाळीआधीच तळाला गेली, तेव्हा आईला मी इकडे घेऊन आले. आईचं नाव भागूबाई. वय सत्तरच्या पुढे, नक्की तिलाही माहीत नाही.

भाऊ पाळक आहे. चर्चच्या मंडळीत त्याला रेव्हरंड शमुवेल म्हणतात, आई गोरक्ष म्हणते. तिने ठेवलेलं नाव ते, आणि ठेवलेलं नाव ती काही परत घेत नाही. आम्ही दोघं लहानपणी मिशनच्या बोर्डिंगात आलो, तिथेच आमचा बाप्तिस्मा झाला. आईने आम्हाला बोर्डिंगच्या फाटकापर्यंत आणून सोडलं. स्वतः मात्र ती कधी आत आली नाही, फाटकाच्याही नाही आणि मंडळीच्याही नाही. पाळक झाल्यापासून शमुवेल तिला दर साली बाप्तिस्म्याचं विचारायचा आणि ती दर साली एकच उत्तर द्यायची.

"तुजा बाप जितं गेला तितं मला जायचंय. त्यानं पानी घेतलं न्हाई, मंग मी कशी घिऊ?"

आमचे वडील, सहादेव, विहिरी खोदायचे. दुसऱ्यांच्या विहिरी. पाणी लागेपर्यंत ते आत असायचे आणि पाणी लागलं की विटाळ होतो म्हणून मालक त्यांना त्याच विहिरीच्या काठावर पाय ठेवू द्यायचे नाहीत. असल्याच एका विहिरीत दरड कोसळून ते गेले. मी अकरा वर्षांची होते, शमुवेल आठ.

आता पुस्तकाकडे येते. शमुवेलचं 'तेजनगरीची वाट' चार वर्षांपूर्वी निघालं. सलोमी नावाची पोरकी मुलगी राजपुत्राच्या नगरीकडे पायी निघते. वाटेत तिला बोलणारा लंगडा बैल भेटतो, रात्रीत जागा बदलणारे डोंगर भेटतात, काठावर कुणी खोटं बोललं की आटून जाणारी नदी भेटते. रविवारच्या शब्बाथशाळेतल्या मुलींनी ते पुस्तक शिवण उसवेपर्यंत वाचलं. आणि सातव्या प्रकरणात झरी आजी आहे. खारवट माळावर एकाच बाभळीखाली ती घागर घेऊन बसलेली असते. येईल त्याला पाणी पाजते, कोण कुठला विचारत नाही. घागर कधी रिकामी होत नाही, कारण म्हातारी स्वतः सगळ्यांच्या शेवटी पिते. राजपुत्र कोण, हे तिला ठाऊक नाही. पण तो त्या वाटेने एकदा गेला होता आणि तिच्या हातचं पाणी पिऊन गेला होता, एवढं वाचणाऱ्याला ठाऊक असतं.

झरी आजी कोण हे मला कुणी सांगायला नको होतं. आमची आई आजही घरातल्या सगळ्यांचं झाल्याशिवाय पाण्याचा तांब्या तोंडाला लावत नाही. दिवाळीनंतर मी तिला ते पुस्तक रोज थोडं थोडं वाचून दाखवलं. तिला वाचता येत नाही. सातवं प्रकरण संपलं तेव्हा ती बराच वेळ पायाची बोटं चोळत बसली.

"ही म्हातारी मीच हाय की गं," ती म्हणाली.

"आहेसच."

"राजपुत्राला माजी घागर ठावी हाय म्हन्तो गोरक्ष. मंग तुज्या बापाची कुदळ बी ठावी आसंल."

त्यानंतर आठ दिवसांनी, वांगी चिरता चिरता, ती म्हणाली की येत्या ईस्टरला ती पाणी घेईल. चाळीस वर्षं पाळक, मडमा, बायबलबाया यांना जमलं नाही ते एका घागरीने केलं. मी चूल सोडून बाहेर जाऊन रडले. शमुवेलला कळलं तेव्हा तोही रडला. आईने फक्त एक अट घातली होती. शमुवेल दुसरा भाग लिहितोय हे तिला कळलं होतं, त्यात म्हातारी नगरीत पोचते की नाही ते तिला आधी ऐकायचं होतं.

आणि हा दुसरा भाग, 'तेजनगरीचं महाद्वार', आमच्या मंडळीच्या साहित्य समितीने अभिप्रायासाठी माझ्याकडे पाठवला. सोबत एक छापील कागद. त्यावर दोन चौकोन, 'आध्यात्मिक संदेश योग्य' आणि 'आध्यात्मिक संदेश अयोग्य'. खाली अभिप्रायाला तीन ओळी. माझी खूण झाली की छापखान्यात जाणार. बहिणीकडेच कसा पाठवला म्हणाल, तर पहिल्यालाही माझाच अभिप्राय होता, आणि समितीत मराठी नीट वाचणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत.

खोटं कशाला बोलू, पहिली अठरा प्रकरणं वाचताना मला त्याचा अभिमान वाटत होता. लंगडा बैल मरतो ते पान तर मी दोनदा वाचलं. बैल सलोमीला म्हणतो, तुला पोचवलं म्हणजे मी पोचलोच. असं वाक्य लिहिणारा माणूस पुढच्याच प्रकरणात काय करतो पाहा.

म्हातारी माळ सोडून, घागर डोक्यावर घेऊन महाद्वाराशी येते. द्वारपाल विचारतो, राजपुत्राचं नाव सांग. ती म्हणते, नाव ठाऊक नाही बाबा, वाटसरूंना पाणी पाजलंय. द्वारपाल म्हणतो, पाण्याच्या मोलाने इथे प्रवेश नाही. दार लागतं. घागर पडून फुटते. इथपर्यंतही मी दात आवळून वाचलं. पण आत सलोमी आहे, तिला दाराचा आवाज ऐकू येतो, ती रडू लागते. तेव्हा राजपुत्र तिचे डोळे पुसतो, आणि लेखक लिहितो, 'त्या स्पर्शाने तिला म्हातारीची आठवण राहिली नाही, आणि तिचा आनंद परिपूर्ण झाला.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीला बाहेर ठेवलं ते ठेवलं, वर जी तिच्या हातचं पाणी प्यायली त्या पोरीला विसरायला लावलं, आणि त्या विसरण्याला आनंद म्हटलं. असला स्वर्ग कुणाला हवाय? विसरून सुखी व्हायला प्रभू कशाला लागतो, त्याला देशी दारूचं दुकान पुरतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी तडक त्याच्या घरी गेले. तो प्रवचनाची टिपणं काढत बसला होता. मी बाड टेबलावर आपटलं.

"गोरक्ष, हे काय आहे?"

मी गोरक्ष म्हटलं की तो ओळखतो. त्याने पेनाला टोपण लावलं.

"अक्का, आधी बस."

"बसायला आले नाही. आईला बाहेर का ठेवलंस?"

"ती आई नाही. ते पात्र आहे."

"बरं. पात्राला बाहेर का ठेवलंस?"

मग त्याने मला तारण समजावलं. मला. माणूस कृपेने तरतो, कर्माने नव्हे, पाणी पाजून कुणी स्वर्ग विकत घेत नाही, पहिल्या भागात तो मुद्दा धूसर राहिला होता, वगैरे. मी म्हटलं, तहानेल्याला पाजलंत ते मलाच पाजलंत, असं प्रभू बोलला, ते तुला मी शिकवायचं का? मग खरं कारण बाहेर आलं.

दोन वर्षांपूर्वी त्याने सातव्या प्रकरणाचं कीर्तन बसवलं होतं. आमच्याकडे ख्रिस्ती कीर्तनाची चाल जुनी आहे. पेटी, तबला, टाळ सगळं तसंच, आख्यान तेवढं आमचं. शेवगावच्या बाजूला एका वाडीत त्याने ते केलं, साऱ्या वाडीच्या बायका डोळे पुसत घरी गेल्या. सहा महिन्यांनी तो पुन्हा तिकडे गेला, तर वाडीबाहेरच्या बाभळीखाली शेंदूर फासलेला धोंडा, पुढे मातीची घागर, हळदकुंकू, नारळाची शेंडी. झरीआई. पाऊस पडावा म्हणून बाया तिला पाणी घालत होत्या, घरात प्यायला नसताना. करायला गेला गणपती, झाला मारुती. मला त्याने सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते. पण समितीतल्या एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या एका पंचाने, भर बैठकीत विचारलं होतं, "काय पाळकसाहेब, देवीचा नवस कधी फेडताय?" ते त्याने मला सांगितलं नव्हतं. ते आज सांगितलं.

"त्या बायांनी धोंडा मांडला म्हणून तू म्हातारीवर सूड उगवलास," मी म्हणाले.

"माझ्या लिहिण्याने मूर्ती उभी राहिली, अक्का. त्याचा जाब मला द्यायचाय."

"कुणाला? प्रभूला की त्या वडिलांना?"

तो भिंतीकडे बघत राहिला. लहानपणी बोर्डिंगात त्याच्या ताटातली भाकरी थोरली पोरं उचलायची तेव्हाही हा असाच भिंतीकडे बघायचा, आणि मारामारी मला करावी लागायची.

"आई रविवारी ऐकायला बसणार आहे," मी म्हणाले. "जेवायला येशील तेव्हा तिला काय सांगायचं?"

मग तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाज खाली आणून तो म्हणाला, "ईस्टरपर्यंत तिला वाचून नको दाखवू. एकदा बाप्तिस्मा होऊ दे. मग ती आतलीच होईल. मग ते प्रकरण तिला लागूच पडत नाही."

हा माझा भाऊ, हा पाळक. आईला फसवून आत घ्यायचं आणि मग दार लावायचं. मी बाड उचललं आणि निघाले. चांदणी चौकापर्यंत मी मोठ्याने बोलत चालले होते, हे मला एक टांगेवाला वळून बघायला लागला तेव्हा कळलं.

रविवारी उपासना आटपून तो आला. त्या आठवड्यात शुक्रवारपासून आमच्याकडे टँकर फिरकला नव्हता. घरात एक घागर पाणी होतं, तीही तळाला गेलेली. आईने भाकरी आणि हुलग्याचं पिठलं केलं होतं. जेवणं झाली. आईने पदर सावरला, भिंतीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "वाच आता."

मी बाड काढलं आणि शमुवेलच्या मांडीवर ठेवलं.

"ज्याने लिहिलं त्याने वाचावं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की एखादीला दया आली असती. मला आली नाही. सबंध पुस्तक एका दुपारी होणं शक्य नव्हतं, म्हणून मागची गोष्ट मी चार वाक्यांत सांगून टाकली आणि एकोणिसावं प्रकरण उघडून दिलं. मग त्याच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले.

तो वाचू लागला. त्याचा आवाज चांगला आहे, कीर्तनाचा आहे. म्हातारी माळावरून निघते तिथे आई हसली. घागर डोक्यावर घेतली तिथे तिने मान हलवली. महाद्वाराचं वर्णन आलं, हिरेमाणकांचं, तीन माणसं उभी राहतील एवढ्या जाडीच्या फळ्यांचं, तेव्हा तिने मधेच हात वर केला.

"सोर्गाला दार कशापायी?"

"नगरी आहे ना, आई. नगरीला दार असतं."

"माज्या म्हायेरी न्हाई." आईचं माहेर शिंगणापूर. तिथे घरांना दारं नाहीत हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. "तितं शनिदेव हाय म्हून चोर येत न्हाई. सोर्गात चोर येत्यात व्हय?"

शमुवेल पुढे वाचू लागला. द्वारपालाने नाव विचारलं. आणि इथे त्याने थाप मारली. कागदावर नसलेलं तो वाचू लागला, 'द्वारपाल हसला आणि म्हणाला, ये आजी, तुझीच वाट...'

"असं लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

आई माझ्याकडे बघू लागली. तेव्हा मी गप्प बसू शकले असते. त्याचं खोटं चाललं असतं, आई हसली असती, ईस्टरला पांढरं लुगडं नेसून उभी राहिली असती. मी हे सगळं त्या क्षणी पाहिलं आणि तरी बोलले, कारण मला त्याला खोट्यात पकडायचं होतं.

"आहे ते वाच, गोरक्ष."

त्याने वाचलं. पाण्याच्या मोलाने प्रवेश नाही, दार लागलं, घागर फुटली. सलोमी रडली, राजपुत्राने डोळे पुसले. शेवटचं वाक्य वाचताना त्याचा आवाज इतका खाली गेला की आईने कानामागे हात धरला.

"परत वाच," ती म्हणाली.

त्याने परत वाचलं. आठवण राहिली नाही. आनंद परिपूर्ण झाला.

आई बराच वेळ गुडघ्यावरचा पदर दुमडत आणि उलगडत राहिली. मग हात टेकून उठली. मला वाटलं ती आतल्या खोलीत जाईल. ती घागरीकडे गेली, तांब्या भरला आणि शमुवेलपुढे धरला.

"पी. वाचून घसा सुकला तुजा."

तो घेईना. तिने तांब्या त्याच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत उभी राहिली. मग मला दिला. मी पण प्यायले. मग तळाला राहिलं तेवढं तिने स्वतः वरून तोंडात ओतलं आणि तोंड पुसलं.

"आई, ईस्टरला..." शमुवेल म्हणाला.

"न्हाई रं. मी बाहीरच बरी." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "आत समद्यास्नी पानी हाय. ज्यास्नी घेतलं न्हाई ते उनात उभं ऱ्हात्याल, त्यास्नी कोन पाजंल? तुजा बाप बी तितंच आसंल. विहीर खांदत आसंल."

शमुवेल रडू लागला. पन्नाशीला आलेला माणूस, पांढरा सदरा, मांडीवर निळ्या शाईची पानं. "मी बदलतो, आई. आजच बदलतो. तिला आत घेतो."

"माज्यासाटी बदलू नगं," आई म्हणाली. "मला कळलं काय कळायचं ते. बाकीच्या म्हाताऱ्यांसाटी बदल."

त्याने मान हलवली. मग तो उंबऱ्यावर जाऊन बसला, माझं लाल शाईचं पेन मागून घेतलं आणि संध्याकाळच्या उपासनेची वेळ होईपर्यंत त्या एका पानावर वाकून राहिला. मी एकदा डोकावले. 'तिला म्हातारीची आठवण राहिली नाही' हे वाक्य खोडलेलं होतं. त्याच्याखाली काही लिहिलेलं नव्हतं.

समितीच्या कागदावरचे दोन्ही चौकोन मी कोरे ठेवले. खालच्या ओळीत लिहिलं, 'लेखक एकोणिसावं प्रकरण पुन्हा लिहीत आहे. घाई करू नये.' कागदावर सही केली. त्या वडिलांवर मी चिडले होते, शमुवेलवर तर होतेच, पण त्या दोघांना पुरून उरेल एवढा राग माझा माझ्यावर होता. चाळीस वर्षांनी आई फाटकापर्यंत आली होती. दार शमुवेलने बांधलं, पण ते बंद होताना तिला दाखवलं मी. खरं तेच वाचायला लावलं, हे मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही आहे. त्याने माझी सुटका झाली नाही.

"त्याच्यावर चिडू नगं," आई मागून म्हणाली. "त्यो भ्याला हुता."

"आणि माझं काय?"

"तुजं काय. तू ल्हानपनापास्नं आशीच."

तिने घागर हलवून पाहिली. तांब्या विसळायलाही पाणी उरलं नव्हतं. तिने तो पदराने पुसला आणि तसाच पालथा घातला.